एक्क्याण्णवावा टाका

शालीत एक टाका जास्त आहे, हे पहिल्यांदा फर्डेबाईंनी सांगितलं. तो शनिवार होता, २८ नोव्हेंबर १९९८. शहापूरच्या महिला मंडळाच्या विणकाम वर्गात सकाळचे साडेअकरा वाजले होते. बाईंनी जनाच्या हातातली सुई खिडकीच्या उजेडात धरली, अंगठ्यानं टाके दोन-दोन करून सरकवले आणि म्हणाल्या, "एक्क्याण्णव. कागदावर किती लिहिलेत?"

"नव्वद," जना म्हणाली.

"मग हे काय?"

ते टाके तिच्या सासूनं घातले होते आणि सासू मोजण्यात चुकत नसे. पण हे बाईंना सांगता येत नव्हतं. शाल जिची तिनं एकटीनं विणायची, हा वर्गाचा नियम होता.

जना वेखंडे तेव्हा एकतीस वर्षांची होती. सासर शहापूर तालुक्यात, शेणव्याला. माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत. मंडळ त्याच वाडीत विणकामाचं नवं केंद्र उघडणार होतं आणि आठवड्यातले तीन दिवस तिथे राहून शिकवणारी बाई त्यांना हवी होती. वर्गातल्या दोघींनी नाव दिलं होतं, जना आणि सरळगावची भिमी. दोघींना एकच काम दिलेलं: दोन रंगांची उबदार शाल, दोन्ही टोकांना जाळीची किनार. शाल १६ जानेवारीला दाखवायची. जिची शाल बरी, ती जाणार.

जनाला जायचं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. माहेरी ती वर्षातून दोनदा जाई, आणि तिथे तिला सतरंजीवर बसवून चहा देत, पाहुण्याला देतात तसा. त्या गावात काम घेऊन जावं, सकाळी कुलूप उघडावं, संध्याकाळी लावावं, असं तिला वाटत होतं. का वाटत होतं, हे कोणी विचारलं असतं तर तिला नीट सांगता आलं नसतं. कोणी विचारलंही नव्हतं.

शालीचा कागद सायक्लोस्टाइल केलेला होता. नव्वद टाके घाला. नऊ टाक्यांत जाळीचं एक पान, अशी दहा पानं. किनार झाली की एक मोरपंखी, एक बिस्किटी, असे चोवीस-चोवीस ओळींचे बारा पट्टे. शेवटी पुन्हा किनार. गणित सरळ होतं. नव्वदाचे दहा भाग पडतात. एक्क्याण्णवाचे पडत नाहीत. एक टाका उरतो, परतीच्या ओळीत तो दुसऱ्या बाजूला जातो आणि पानं कलायला लागतात. जनाची पानं कलली होती.

टाके सासूनं का घातले, त्याचंही कारण होतं. त्या घरात लावणीची पहिली मूठ सासू, सकुबाई, रोवी, गोधडीचा पहिला टाका सकुबाई घाली, लोणच्याची पहिली कैरी सकुबाई चिरी. ऑगस्टमध्ये जनानं एक स्वेटर आपल्या हातानं सुरू केला होता. त्याची एक बाही चार बोटं लांब झाली. नवरा राघो तो स्वेटर घालून आसनगावच्या कारखान्यात गेला आणि घरी येऊन म्हणाला, "पोरं म्हणतात, एका हातानं जास्त काम करतोस काय?" त्यानंतर जनानं ठरवलं, शालीची सुरुवात आयच्या हातची.

सकुबाई अठ्ठावन्न वर्षांची होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. जूनमध्ये, सून कुठे जाते ते बघायला ती एकदा वर्गात आली, मागच्या भिंतीला टेकून दोन तास बसली आणि घरी येऊन सायकलच्या चाकाच्या दोन तारा घासून त्यांवर सुताचा हातभर पट्टा विणून मोकळी झाली. नोव्हेंबरात कापणीची घाई होती. दिवसा जना शेतात असे. दुपारी दोन तास शाल सकुबाईच्या हातात असे. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की जना बसे. सकुबाईचा हात घट्ट, जनाचा सैल.

त्या शनिवारी संध्याकाळी जनानं विचारलं.

"आय, टाके किती घातले व्हते?"

"नव्वद." सकुबाई सुपात तांदूळ पाखडत होती.

"बाई म्हणतात, एक्क्याण्णव हायेत."

"बाईंनी कवा खळ्यावर रास मोजलीय?"

"परत एकदा मोजू का?"

"मोजलेलं परत मोजू नये गो जने. बरकत जाते."

जनानं आतल्या खोलीत जाऊन मोजलं. एक्क्याण्णव. पुन्हा मोजलं. एक्क्याण्णव. दहावीला तिला गणितात अठ्ठावीस मार्क मिळाले होते, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आपण चुकत असू, हे तिला सहज पटलं असतं. पण बाईंनाही एक्क्याण्णवच मिळाले होते. दुसरीकडे सकुबाई चाळीस वर्षं घरचं भात मोजत होती आणि गावातले दोन-तीन जण आपली रासही तिलाच मोजायला बोलवत. दोन्ही बाजूंना खोटं पाडता येत नव्हतं. किनार उसवायला वेळ नव्हता. जनानं कडेचे दोन टाके एकत्र विणून एक कमी केला. आता नव्वद झाले. कागदाच्या मागे पेन्सिलीनं तिनं लिहून ठेवलं: "शनिवार. एक काढला." सासूला ती काही बोलली नाही.

मंगळवारी सुईवर पुन्हा एक्क्याण्णव होते.

जनानं पुन्हा एक काढला, पुन्हा लिहिलं. शुक्रवारी पुन्हा एक्क्याण्णव. तिनं शाल कंदिलाजवळ नेऊन पाहिली. दुपारच्या घट्ट ओळींत, मोरपंखी पट्ट्याच्या मधोमध, एक टाका वाढवलेला दिसत होता. तो चुकून वाढलेला नव्हता. चुकून वाढला की भोक पडतं. इथे भोक नव्हतं. वाढवणाऱ्या हाताला काम येत होतं.

५ डिसेंबरच्या वर्गात फर्डेबाईंनी शाल मांडीवर आडवी घेतली आणि एकेक ओळ बोटाखालून नेली. मग म्हणाल्या, "काही ओळी घट्ट, काही सैल. का?"

"दुपारचं घट्ट येतं, संध्याकाळचं सैल," जना म्हणाली. एवढं खरं होतं.

"दमल्यावर हात सैल पडतो, मान्य. पण इतका?" बाईंनी कड बोटानं चाचपली. "आणि ही कड अशी नागमोडी का? मध्येच आत, मध्येच बाहेर. टाके कमी-जास्त करताय का?"

"नाय बाई."

शेजारी भिमी मान खाली घालून विणत होती. तिची शाल राखाडी आणि पांढरी होती. जाळी साधी, पण पट्टीनं आखल्यासारखी सरळ. "आमच्या जनाची शाल बसनं आलीय," ती हळूच म्हणाली. "किन्हवलीच्या घाटीत वळणं घेत."

बायका हसल्या. जनाही हसली.

रविवारी जेवताना राघोनं केंद्राचा विषय काढला. नाव लागलं तर आठवड्यातून तीन दिवस मुरबाडकडे राहायचं, सोमवारी पहिल्या गाडीनं जायचं, बुधवारी संध्याकाळी यायचं. सकुबाईनं ऐकून घेतलं. मग ताटात बघत म्हणाली, "तीन दिस तिकडं. मग हितं चूल कोण पेटवंल?"

राघो हसला. जना हसली नाही. ती भांडी घासायला बसली तेव्हा तिच्या डोक्यात दोन गोष्टी शेजारी येऊन बसल्या: शालीत पुन्हापुन्हा वाढणारा टाका, आणि चूल.

पुढचे आठ-दहा दिवस तिनं याच गोष्टी उलटसुलट करून पाहिल्या. सासूला आपण जायला नको असेल तर ती तसं सांगेल. सकुबाई मनात ठेवणारी बाई नव्हती. पण सांगितलं आणि राघोनं ऐकलं नाही तर? त्यापेक्षा अधूनमधून एक टाका वाढवणं सोपं. शाल बिघडेल, भिमी जाईल, कोणाला वाईटपणा नाही. हे जुळत होतं. मग न जुळणारं समोर येई. शाल बिघडवायचीच असेल तर सकुबाई दुपारचे दोन तास मान मोडून ती विणते कशाला? सुई चुलीत घातली तरी भागलं असतं. आणि तिची वीण जनाच्या विणीपेक्षा चांगली का?

एके दिवशी जनानं शाल पत्र्याच्या पेटीत ठेवून वर लुगडी टाकली आणि शेतावर गेली. संध्याकाळी शेजारच्या कमळूनं सांगितलं, "तुझी सासू दुपारभर काय शोधीत व्हती गो? माझ्याकडं पण येऊन गेली." सकुबाईनं मात्र विचारलं नाही. जनानं दुसऱ्या दिवशी शाल पुन्हा खुंटीला लावली. तिला लाज वाटली, आणि कशाची वाटली तेही कळलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

१६ डिसेंबरला सकुबाई सापगावला बहिणीकडे गेली, दोन दिवसांसाठी. निघताना शाल सुनेच्या हातात देत म्हणाली, "घाई करू नको." त्या दोन दिवसांत जनानं सहावा पट्टा एकटीनं विणला. बुधवारी संध्याकाळी टाके मोजले: नव्वद. गुरुवारी मोजले: नव्वद. शुक्रवारी सकुबाई परत आली. शनिवारी सुईवर एक्क्याण्णव होते.

आता शंकेला जागा नव्हती, असं जनाला वाटलं. सासू नसली की टाके जागेवर राहतात, असली की वाढतात. तिनं ते कागदाच्या मागे लिहिलं नाही. एक काढला, एवढंच लिहिलं.

घरात कोणी भांडलं नाही. पण चहा द्यायचा तर जना कप खाली ठेवून निघून जाई, आणि सकुबाई तो गार होऊ देई. राघोच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी दोघी शालीकडे बघत दोन टोकांना बसल्या होत्या. तो म्हणाला, "विणताय का एकमेकींची उसवताय?" तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

९ जानेवारीच्या वर्गात फर्डेबाई जनाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खरं सांगू? तुमची वीण भिमीपेक्षा चांगली आहे. काही ओळी तर मला जमणार नाहीत अशा आहेत. पण कड बघा. शिकवणाऱ्या बाईची कड अशी असेल तर शिकणाऱ्यांची कशी होईल? शेवटची किनार राहिलीय. ती तरी सरळ आणा."

ज्या ओळी बाईंना जमणार नव्हत्या त्या कोणत्या, हे जनाला ठाऊक होतं. त्या दुपारच्या होत्या.

गावात बहुतेकांची मळणी कधीच उरकली होती. राघोला कारखान्यातून रजा मिळेना, म्हणून त्यांची मागे पडली. १० तारखेच्या रविवारी झोडणी झाली, सोमवारी वारवलं, मंगळवारी रास मोजायची होती. पोत्याचं तोंड दरवर्षी राघो धरी. त्या मंगळवारी त्याची कारखान्यात पाळी लागली होती, म्हणून पोतं जनानं धरलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती मोजणीच्या वेळी राशीला इतकी जवळ होती. एरवी मोजणी चालू असताना सुना तुसाकडे असत. मोजणाऱ्याच्या मध्ये बोलायचं नाही, हा नियम तिच्या माहेरीही होता.

सकुबाईनं राशीला हात जोडले, पहिली पायली भरली, हातानं सपाट केली आणि मोठ्यानं म्हणाली, "लाभ." ती पायली तिनं शेजारच्या टोपलीत ओतली, टोपली गावदेवीची. मग दुसरी भरून पोत्यात ओतली. आता तिचे नुसते ओठ हलत होते.

जनाला हे ओळखीचं होतं. तिचा बापही पहिल्या पायलीला एक म्हणत नसे, लाभ म्हणे. तिच्या मनात आपोआप मोजणी सुरू झाली. लाभ, दोन, तीन, चार. मग तिनं मुद्दाम लक्ष दिलं. दीड महिना तिला एकच गोष्ट तपासायची होती, आणि आज सासू तिच्यासमोर मोजत होती, तिच्या हाताच्या अंतरावर, जिथे बिघडवण्यासारखं काही नव्हतं. भात घरचं होतं. जना पायलीवरून नजर न काढता मोजत राहिली. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस.

"चाळीस," सकुबाई मोठ्यानं म्हणाली आणि एक खडा बाजूला ठेवला.

जनाच्या हातातून पोत्याचं तोंड निसटलं.

"धर गो," सकुबाई म्हणाली.

"आय, एक्केचाळीस झाल्या."

मोजणीच्या मध्ये बोलणं म्हणजे काय, हे दोघींनाही कळत होतं. सकुबाईनं पायली राशीत टेकवली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त नवल वाटलं होतं.

"चाळीस."

"मी पण मोजल्या. लाभ धरून एक्केचाळीस."

"लाभ कोण धरतं? लाभ देवीचा. एक त्याच्या पुढून."

"आमच्याकडं लाभ म्हणजेच पहिली. मग दोन."

सकुबाईनं देवीच्या टोपलीकडे बोट केलं. "मग देवीनं काय खायाचं?"

"देवीची शेवटी काढतात. रास संपली की."

"आणि उरलीच नाय तर?"

"उरते."

"मुरबाडवाले," सकुबाई म्हणाली. तिनं पायली पुन्हा उचलली, पण भरली नाही.

जनाच्या अंगठ्याला तुसं टोचत होती. ती एकेक काढत बसली आणि खालीच बघत म्हणाली, "शालीचे टाके पण असेच मोजलेत?"

"टाके काय, राशीहून निराळे?"

"पहिला लाभ?"

"पहिला लाभ, मग एक. तो धरायचा नसतो." सकुबाईनं पायली खाली ठेवली. मग म्हणाली, "पण तुझे टाके गळत व्हते, जने. मी मोजायची तर एकोणनव्वद. घालून ठेवलं की दोन दिसांनी परत एकोणनव्वद. म्हटलं, पोरीची परीक्षा हाय, तोंडावर कशाला दाखवू. गुपचूप घालत ऱ्हायले."

"मी काढत व्हते."

"काय काढत व्हतीस?"

"तुमी घातलेला. मला एक्क्याण्णव लागायचे."

रास अर्धी मोजलेली, पोतं अर्धं भरलेलं, आणि दोघी खळ्यात समोरासमोर बसलेल्या. कमळू डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "भात कमी भरलं काय?"

"बरोबर भरलंय," सकुबाई म्हणाली. "तू जा."

कमळू गेल्यावर जना म्हणाली, "मला वाटलं, तुमी मुद्दाम करताय. मी जाऊ नये म्हणून. चुलीचं बोलला व्हता तुमी."

"ते राघोला बोलले. चूल त्यानं पेटवावी म्हणून." सकुबाईनं राशीत हात घालून भात चाळवलं. "मला वाटलं, माझा हात लागलेला तुला नको झालाय. त्या दिवशी शाल पेटीत घातलीस ना? मी बघितली व्हती. लुगड्यांच्या खाली."

"मग बोलला का नाय?"

"तू बोललीस का?"

उरलेली रास त्यांनी मोजली. चाळीसच्या पुढून. जना पोतं धरून होती आणि तिनं मनात काही मोजलं नाही.

संध्याकाळी दोघींनी शाल ओट्यावर पसरली आणि बाराही पट्टे तपासले. काढलेला टाका एकत्र विणलेल्या जोडीवरून ओळखू येई, घातलेला टाका वाढलेल्या रेघेवरून. सात ठिकाणी टाका काढलेला होता, सात ठिकाणी घातलेला. त्यामुळे सुईवर पहिल्या दिवशी जितके होते तितकेच आजही होते, एक्क्याण्णव. जनाच्या कागदामागे मात्र सहाच नोंदी होत्या. सकुबाईनं बोटांवर आठवून सांगितलं, "मी सहा वेळा घातला." जनानं तिला लाभ धरून की सोडून, असं विचारलं. सकुबाईनं पुन्हा बोटं मोडली आणि सहाच म्हणाली. सातवी जोडी सहाव्या पट्ट्यात होती, बिस्किटी. सकुबाई सापगावला होती त्या दोन दिवसांतली.

त्यावर विचार करायला वेळ नव्हता. चार दिवसांत किनार संपवायची होती.

"एक काढून टाकू," जना म्हणाली. "नव्वद करू आणि कागदाप्रमाणं जाऊ."

"कागदाप्रमाणं जा, पण काढू नको. तो देवीचा." सकुबाईनं सुई हातात घेतली. "विणूच नको त्याला. नुसता ह्या सुईवरून त्या सुईवर घे. त्याच्या पुढून मोज."

जनाला ते पटलं नाही, पण करून पाहिलं. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायचा. उरलेल्या नव्वदांत दहा पानं. चार ओळी झाल्यावर तिनं कड उजेडात धरली. कड सरळ तर होतीच. न विणलेल्या टाक्यांची एकात एक अडकलेली साखळी तिच्यावर उमटली होती, वेणीसारखी. पानं कलली नाहीत. दहावं पान संपलं तिथे ओळ संपत होती. हे असं का झालं, हे दोघींपैकी कोणालाच सांगता आलं नसतं.

शनिवारी, १६ जानेवारीला, फर्डेबाईंनी दोन्ही शाली टेबलावर अंथरल्या. भिमीची शाल त्यांनी पाच मिनिटांत पाहिली. जनाच्या शालीवर अर्धा तास गेला. एका टोकाची किनार कललेली, दुसऱ्या टोकाची सरळ, आणि मधले बारा पट्टे नागमोडी. त्यांनी चष्मा काढला.

"ही शाल कोणी विणली?"

जनानं वर्गाकडे पाहिलं नाही. खोटं बोललं तर कदाचित निभावलं असतं. बाईंच्या हातात पुरावा नव्हता. पण ज्या ओळींचं कौतुक झालं होतं त्या आपल्या म्हणून घेऊन त्या वाडीत कुलूप उघडायचं, हे तिच्या डोळ्यांसमोर येईना.

"मी आणि माझ्या सासूनं."

"नियम माहीत होता?"

"व्हता."

"माझ्या शालीत पण दोन पट्टे भावजयीचे हायेत," भिमी म्हणाली. मग जनाकडे वळली. "बघतेस काय? पावसाळ्यापासून माझा खांदा दुखतोय."

मागच्या बाकावरच्या तिघी-चौघी आपापल्या लोकरीत काहीतरी शोधू लागल्या. फर्डेबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग कपाटातून सुयांच्या दोन जोड्या आणि पांढऱ्या लोकरीचे दोन गुंडे काढले. "दोघी इथे बसा. माझ्यासमोर. नव्वद टाके आणि पानांच्या आठ ओळी."

जना बसली. टाके घालताना ती मोजत होती आणि कसं मोजतेय याकडे तिचं लक्ष नव्हतं. झाल्यावर बाईंनी सुई घेतली, अंगठ्यानं टाके सरकवले.

"एक्क्याण्णव." त्यांचा आवाज थकलेला होता. "परत तेच?"

जना गोंधळली. मग तिला आठवलं की तिनं सुरुवात कुठून केली होती.

"नव्वदच हायेत बाई. पहिला धरायचा नसतो."

"म्हणजे?"

"करून दाखवते."

तिनं पहिला टाका न विणता उचलला आणि पुढे गेली. दीड तास लागला. भिमीचं काम आधी झालं. तिची पानं बरोबर होती, फक्त कड आत वळत होती. जनाची वळली नाही. फर्डेबाईंनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले, जनाच्या तुकड्याची कड नखानं चाचपली, कागद पुढे ओढला, आणि "नव्वद" या आकड्यापाशी पेन टेकवून थांबल्या. काही लिहिलं नाही. निकालही सांगितला नाही.

५ फेब्रुवारीला शेणव्याला पोस्टकार्ड आलं. केंद्र जनाला मिळालं होतं. शाल प्रदर्शनात ठेवायची असल्यास चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहावीत, असं खाली वेगळ्या शाईत होतं. सकुबाईनं शाल प्रदर्शनात द्यायला नकार दिला. "थंडी अजून गेली नाय," ती म्हणाली.

मार्चमध्ये केंद्र देवळाच्या सभामंडपात सुरू झालं. पहिल्या दिवशी नऊ बायका आल्या. जनानं सगळ्यांना टाके घालायला सांगितले, नव्वद. त्यांनी घातले. लाभ, दोन, तीन, अशा पुटपुटत त्या मोजत होत्या, आणि जनानं तपासलं तेव्हा नऊही सुयांवर बरोबर नव्वद होते.

"आता आणखी एक घाला," ती म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "नव्वद सांगितलंस ना?"

"लाभ सोडून नव्वद. पहिला धरायचा नाय."

सगळ्यांत म्हातारी धोंडूबाई होती. जनाला लहानपणापासून ओळखणारी. तिनं सुई मांडीवर ठेवली. "सासरी जाऊन मोजणं पण बदललं का गो तुझं?"

जनानं धोंडूबाईची सुई घेतली आणि तो टाका स्वतः घालून दिला.

बुधवारी रात्रीच्या आत ती शेणव्याला परते. राघो चूल पेटवायला शिकला होता. भात करपे, पण होत असे. शाल सकुबाईच्या खांद्यावर असे. कधी ती खुंटीला दिसली की जना सहावा पट्टा उलटून पाही. एक घातलेला, आणि पाच ओळींनी एक काढलेला. सासू सापगावला होती तेव्हा तर तिनं मोजले होते: बुधवारी नव्वद, गुरुवारी नव्वद.

"तूच घातलास, तूच काढलास," सकुबाई म्हणाली एकदा.

"मी कशाला घालीन?"

"ते तुला ठाऊक."

जनानं पट्टा उजेडात धरून पुन्हा पाहिला. दोन्ही टाके सैल हाताचे होते, तिच्याच हाताचे.